ईएसडी (स्टॅटिक विजेच्या झटक्यापासून बोर्ड वाचवणारी) मॅट आणि मनगटाचा रिस्ट स्ट्रॅप, वागळे इस्टेटच्या गाळ्यात सहा महिने वापरून

मागच्या जानेवारीत आमचे जीपीएस ट्रॅकरचे बोर्ड एकामागोमाग एक परत यायला लागले, बंद पडून नाही तर बहिरे होऊन, म्हणजे लाइट लागतोय, सिम बोलतंय पण सॅटेलाइट काही सापडत नाही. आधी सोल्डरिंगवर संशय, मग अँटेना बदलून झाल्या, शेवटी सापडलं की अँटेनाच्या पिनवरचा पहिला अ‍ॅम्प्लिफायरच स्टॅटिकने अर्धमेला होतोय. थंडीची कोरडी हवा, अंगात लोकरी स्वेटर, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, अजून काय पाहिजे!

चिपच्या आत प्रोटेक्शन असतंच की, असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. असतं ना, साधारण प्रत्येक पिनवरून एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सप्लायकडे आणि एक ग्राउंडकडे, झटका तिकडून वळवायचा आणि आतल्या ट्रान्झिस्टरच्या गेटवरचा काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पातळ थर वाचवायचा. पण टेस्ट होते ती बहुतेक 2000 व्होल्टपर्यंत, नव्या चिप्सना तर 1000 च, आणि आपल्या बोटाला चटका जाणवतो तोच मुळी 3000 च्या आसपास, म्हणजे आपल्याला कळायच्या आत चिपचं काम झालेलं असतं. त्यात अँटेनाच्या पिनला मोठा डायोड लावता येत नाही, त्याची कपॅसिटन्स (चार्ज साठवून ठेवायची क्षमता) सिग्नलच खाऊन टाकते, त्यामुळे तिथली काळजी टेबलावरच घ्यावी लागते.

म्हणून लॅमिंग्टन रोडवरून हा सेट आणला, टेबलावर अंथरायची मॅट, मनगटाला बांधायचा स्ट्रॅप आणि अर्थिंगची वायर, म्हणजे अंगातला चार्ज बोर्डात न जाता अर्थमध्ये जातो. मॅट मस्त आहे, गरम सोल्डर पडलं तरी नुसता डाग पडतो, पहिला आठवडाभर रबराचा वास मारतो तेवढं सहन करा. मगरक्लिप मात्र अगदीच लेचीपेची, मी पहिल्याच दिवशी बदलली.

जोडायच्या आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा प्लीज. आमच्या गाळ्यात फेज आणि अर्थमध्ये 230 यायला हवे तिथे काटा 60 वर नाचत होता, अर्थची वायर मागे कुठे जोडलेलीच नव्हती! इलेक्ट्रिशियनकडून नवी ओढून घेतली तेव्हा कुठे मॅटला अर्थ आला.

बोर्ड भरणाऱ्या ताई सुरुवातीला म्हणाल्या, "दादा, हाताला दोरी बांधून काम कसं करायचं?" आता त्याच रोज सकाळी मीटर लावतात, एक टोक पट्ट्याच्या आतल्या चकतीला आणि दुसरं क्लिपला, 1 मेगाओहमच्या आसपास आलं की काम सुरू. स्ट्रॅपच्या वायरमधला हा 1 मेगाओहमचा रेझिस्टर माणसासाठी असतो, चुकून मेनला हात लागला तरी करंट पाव मिलीअँपच्या आतच राहतो. चौथ्या महिन्यात रीडिंग एकदम ओपन आलं, म्हणजे जोडणीच तुटलेली, पट्ट्याच्या बटणापाशी वायर आतून तुटलेली, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. रोजचं चेकिंग नसतं तर आम्ही महिनाभर तसेच बसलो असतो.

बिनवायरचे स्ट्रॅप मिळतात ते अजिबात घेऊ नका, चार्जला जायला वाटच नाही त्यात. यातला सुटा स्ट्रॅप मिळतो, मी दोन जास्तीचे आणून ठेवलेत.