टाकी आज, मासे आजच: अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कसं लुबाडतात

घरी पहिल्यांदाच फिश टँक आणायच्या विचारात असाल तर एक वाक्य लक्षात ठेवा: "टाकी घेऊन जा, मासे आजच सोडून देतो." हे वाक्य ज्या दुकानात ऐकू येईल, तिथून पाकीट खिशातच ठेवून बाहेर पडा. दुकानाचं नाव लिहीत नाही. पश्चिम नागपुरातलं आहे, पाटी चकाचक आहे, आत शिरल्यावर भिंतभर निळे दिवे आणि गर्दी. गर्दी का असते ते मला नंतर कळलं. त्यातली अर्धीअधिक माणसं मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे न्यायला आलेली असतात.

मुलीची परीक्षा संपली होती, तिला मासे हवे होते. दुकानदाराने 'पॅकेज' समोर ठेवलं. 60 लिटरची टाकी, फिल्टर, एलईडी लाइट, रंगीत दगड, शंख-शिंपले, प्लॅस्टिकची झाडं, मागे लावायचा समुद्राचा पोस्टर, खाद्याचा डबा, हीटर, आणि वर मासे फ्री. सगळं मिळून साडेसहा हजार. हीटरचं ऐकून मी हसलोच. एप्रिल महिना, नागपूर, बाहेर पारा त्रेचाळीसवर, आणि हा मला पाणी तापवायचं यंत्र विकतोय. म्हणाला, "काका, मासा नाजूक असते, टेम्परेचर मेंटेन करा लागते न जी." डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा 10 च्या आसपास उतरतो, तेव्हा हीटरचा उपयोग आहे हे खरं. पण एप्रिलमध्ये तो गल्ल्यावर पडून राहिलेला माल होता, दुसरं काही नाही. पॅकेजमधली एकही वस्तू वेगळी काढता येत नव्हती.

'मासे फ्री' ही त्यातली खरी मेख. फुकटच्या मालाला गॅरंटी नसते, म्हणून मासा मेला की तुम्हाला बोलायला तोंड उरत नाही. आणि पुढचा मासा काही फुकट मिळत नाही.

आता लिटरचा हिशेब. टाकी घरी आल्यावर मुलीने कंपासपेटीतली पट्टी काढून ती मोजली, शाळेत नुकतंच घनफळ शिकवलं होतं म्हणून. लांबी 45 सेंटिमीटर, रुंदी 25, उंची 30. तिन्हींचा गुणाकार 33,750, भागिले हजार, म्हणजे पावणेचौतीस लिटर. तेही काठोकाठ भरली तर. दगड टाकून आणि वर चार बोटं जागा सोडून प्रत्यक्ष पाणी मावतं सत्तावीस-अठ्ठावीस लिटर. साठच्या निम्मंही नाही. मी दुकानात फोन केला तर म्हणे "तो मॉडेल नंबर आहे". पुढे काय बोलणार! तुम्ही जाल तेव्हा टेप सोबत न्या आणि दुकानातच मोजा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी साधारण 57 लिटरची होते. नवशिक्याने याहून लहान घेऊच नये. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं.

या अठ्ठावीस लिटरमध्ये त्याने काय काय भरलं ते बघा. चार गोल्डफिश, दोन 'शार्क', एक सकर, आणि गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगाचे पाच टेट्रा. गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो, शिवाय तो थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे मे महिन्यात घरातल्या टाकीचं पाणी 32-33 अंशांवर जातं. 'शार्क' म्हणजे पंगस, जो आपल्या मासळीबाजारात किलोने विकतात तोच. चंदेरी, चपळ, मिशावाला, तीन इंचांचा असताना फार गोजिरा दिसतो आणि वाढून मीटरभराच्या वर जातो. सकर "काच साफ करतो, टाकी धुवायची कटकट नाही" म्हणून गळ्यात मारला. तो पुढे फूटभर होतो आणि स्वतःच इतकी घाण करतो की साफसफाईचं सोडाच. रंगीत टेट्रा मुळात पांढरे असतात. त्यांना कारखान्यात रंगवलेलं असतं आणि काही महिन्यांत रंग उतरतो. आमच्याकडे रंग उतरण्याइतके दिवस ते टिकलेच नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. कल्ले लालभडक. पंख अंगाला चिकटलेले. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ बघितला आणि लगेच निदान केलं: "इन्फेक्शन आहे." निळं औषध, मीठ, आणि 'वॉटर कंडिशनर' अशी तीन बाटल्यांची खरेदी झाली. "पाणी पूर्ण काढून टाका, दगड धुवा, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ करा." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे झालं आणि आठवडाभरात मासे एकेक करून गेले. मुलगी रडली. तो म्हणाला, "नवीन घेऊन जा, या वेळी डिस्काउंट देतो."

मग त्याने सर्व्हिसिंगचा ठेका विकला, महिन्याला पाचशे, तीन महिन्यांचे आगाऊ. बादली-पाइप घेऊन एक पोरगा यायचा. मासे मगमध्ये, टाकी रिकामी, दगड बाथरूममध्ये घासून पांढरेशुभ्र, स्पंज साबण न लावता पण वाहत्या नळाखाली पिळून पिळून, मग टाकीत थेट नळाचं पाणी. क्लोरीन घालवायचं दोन थेंबांचं औषध कधी टाकायचा, कधी विसरायचा. अर्ध्या तासात टाकी काचेसारखी चमकायची. माझ्या आईला तो पोरगा इतका आवडला की ती त्याला दर वेळी चहा द्यायची. आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर दोन-तीन दिवसांत मासे मरायचे. पोरग्याचा यात काही दोष नाही, त्याला जे शिकवलं ते तो करत होता. पण ज्याने शिकवलं त्याला परिणाम पक्का ठाऊक होता, कारण त्याच्या दुकानातल्या टाक्यांचं पाणी तो स्वतः असं कधीच बदलत नाही. तिथे स्पंज काळपट, बुळबुळीतच असतात. पाहून या.

हे सगळं उघडं पडलं ते माझ्या भाच्यामुळे. तो इथेच तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो. घरी आला, टाकीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "मामा, ही सायकल केली होती का?" मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने पिशवीतून अमोनिया तपासायची छोटी किट काढली. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, झाकण लावून हलवलं आणि नळी खिडकीजवळ धरली. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं पाणी आधी पोपटी झालं आणि बघता बघता गर्द हिरवं. त्याने कार्डावरच्या रंगाशी लावून बघितलं आणि "दुकानदाराने औषध कशाचं दिलं?" असं विचारून स्वतःच हसला.

प्रकार असा आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो माशासाठी विष. जुन्या, बसलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातक, ते रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद मारतं. शेवटचं नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि दगडांवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ती जमू देणं म्हणजेच भाच्याने विचारलेली 'सायकल'. नव्या टाकीत ते नसतातच. म्हणजे आज घेतलेल्या टाकीत आज मासे सोडले की ते स्वतःच्याच विषात पोहत राहतात. त्यात दर महिन्याला स्पंज क्लोरीनच्या पाण्याने धुतला की जमलेली वस्ती मरते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, तेही या जिवाणूंना मारतं. माशाला झालेलं इन्फेक्शन नव्हतंच. प्रत्येक सल्ला मासे मारणारा होता आणि प्रत्येक मेलेला मासा पुढची विक्री होती.

शंख-शिंपले आणि पांढऱ्या संगमरवरी खड्यांचीही यात साथ होती. त्यांतला चुना हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा पीएच चढतो. पीएच 7 वरून 8 वर गेला तर अमोनियाचा विषारी वाटा जवळपास दहापट होतो, पाणी गरम असेल तर आणखी जास्त. भाच्याने एक खडा वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओतलं, लगेच बुडबुडे आले. ही परीक्षा घरी कुणीही करू शकतो. बुडबुडे आले तर तो दगड टाकीत नको.

मी दुकानात गेलो. भाचा सोबत होता, किटही होती. दुकानदार आधी गोड बोलला, मग म्हणाला, "आता काका, मासाच आहे न तो, मरतेच. माणूस मरते, मासा काय जी?" भाच्याने शांतपणे विचारलं, "नव्या टाकीत त्याच दिवशी मासे सोडायचे नाहीत हे गिऱ्हाइकाला सांगता का?" तर उत्तर काय, "सांगितलं तर कोण घेईन बे? लोकायला आजच्या आज पाहिजे." दुकानात तेव्हा इतर गिऱ्हाइकं उभी होती. एका बाईंनी हातातली माशांची पिशवी काउंटरवर ठेवून दिली आणि निघून गेल्या. त्यानंतर मात्र त्याचा आवाज चढला.

बिल मागितलं होतं तेव्हा त्याने पॅडच्या कागदावर 'सेट 6500' एवढंच लिहून दिलं होतं. दुकानाचा शिक्का नाही, टाकीचं माप नाही. मात्र पैसे यूपीआयने गेले होते, त्यामुळे तारीख, रक्कम, कुणाच्या खात्यात गेले हे सगळं फोनमध्ये होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे सल्लेही होते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मालाचं बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती फुकट नोंदवता येते, मराठीतही. तिथे तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्या बाबतीत तक्रार नोंदवल्याचा मेसेज त्याला दाखवल्यावर हीटर परत घेतला गेला आणि सर्व्हिसिंगचे उरलेले पैसे मिळाले. टाकीचे आणि माशांचे नाही. आयोगात जायचं की नाही यावर घरात अजून मतभेद आहेत. बायको म्हणते जा, आई म्हणते त्या पोरग्याची नोकरी जाईल.

नवी टाकी आम्ही दोन फुटांची घेतली, काचवाल्याकडून बांधून. दुकानातल्या टाकीच्या जवळपास निम्म्या पैशात झाली. सिलिकॉन वाळून आंबट वास पूर्ण जाईपर्यंत तशीच ठेवली, मग पाणी भरून फिल्टर चालू केला आणि भाच्याच्या कॉलेजमधल्या मित्राच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आत टाकला. रोज चिमूटभर खाद्य, तेही जिवाणूंसाठी, मासा एकही नाही. शेजारी विचारायचे, "पाणी पाळलं का?" अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच सहा झेब्रा डॅनिओ आणले. आपल्याच देशातला मासा, स्वस्त, काटक. पाणी आठवड्याला पाव टाकीच बदलतो, नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवलेलं. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात नुसता बुचकळायचा. उन्हाळ्यात टाकीवर जाळी टाकून तिरपा टेबल फॅन लावतो. आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते, कूलर ज्या न्यायाने चालतो त्याच न्यायाने. हीटरवाल्याला हे सांगायला हवं होतं.

जुन्या टाकीतला सकर तेवढा जगला. या सगळ्या विषातून तो कसा तरला देव जाणे. आता वीतभर झालाय, रात्री काचेवर शेपटी आपटतो. दुकानदार परत घेत नाही. "फुटाळा तलावात सोडून द्या" म्हणाला. तसं कुणी करू नका. हा मासा दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्याकडच्या तलावांत घुसला की स्थानिक माशांची अंडी आणि खाद्य फस्त करतो, काढता येत नाही. नागपुरात कुणाकडे चार फुटांहून मोठी, बसलेली टाकी असेल आणि सकर हवा असेल तर सांगा, फुकट देतो, घरपोच.