फोंड्यात फॉन्ड्यू : सेट घेऊन सात महिने झाले, आता लिहितो

आधी विनोद उरकून घेऊ, कारण तो मला आतापर्यंत किमान चाळीस जणांनी ऐकवलाय. हो, मी गोव्यातल्या फोंड्यात राहतो, हो, घरी फॉन्ड्यू करतो, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचा तो स्विस पदार्थ. झालं? आता सेटबद्दल बोलू.

डिसेंबरात नाताळच्या आधी ऑनलाइन मागवला होता, साडेतेवीसशे रुपये पडले. बिडाचं भांडं आहे, बाहेरून लाल आतून पांढरं इनॅमल, खाली लोखंडी स्टँड, त्यात जळणाचं जेल घालायची स्टीलची वाटी आणि तिच्यावर आच कमीजास्त करायचं भोकांचं झाकण, सहा लांब काटे, आणि सगळं ठेवायला एक गोल लाकडी पाट. असाच सेट दोनतीन वेगळ्या नावांनी विकायला दिसला म्हणून कंपनीचं नाव घेत नाही. तेव्हापासून मोजून चौदा वेळा काढलाय. आमच्याकडे सँडविच टोस्टर सहा वर्षांत चौदा वेळा निघाला नसेल, म्हणजे बघा.

पहिली गोष्ट, जी मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती, ती म्हणजे हे भांडं शिजवायचं नाही, गरम ठेवायचं आहे. मी पहिल्या वेळेला सगळं टेबलावर मांडून जेल पेटवलं आणि थंड भांड्यात चीज टाकून बसलो, सहा माणसं काटे हातात धरून माझ्याकडे बघतायत आणि वीस मिनिटांनी आत नुसता चिकट चिखल. मग घाईघाईने उचलून गॅसवर नेलं, मोठ्या आचेवर ठेवलं, उकळी आणली आणि पिझ्झासाठी आणलेलं मोझरेला एकदम ओतलं. जे झालं त्याला आमच्या मित्राने एका वाक्यात निकाली काढलं, "हें फॉन्ड्यू न्हय रे, हो रबराचो बॉल." खाली पाणी, वर तेल आणि मधे गोळा. त्या रात्री आम्ही चिकन शागुती बाहेरून मागवली.

नंतर वाचून वाचून कळलं की चूक कुठे होती. चीजमधलं प्रोटीन कॅल्शियमने एकमेकांना धरून असतं, नुसती उष्णता दिली की ते आवळून गोळा होतं आणि तूप बाजूला पडतं. व्हाइट वाइन घालतात ती चवीसाठी तर असतेच पण तिच्यातल्या आंबटपणामुळे ती कॅल्शियमची पकड सैल होते, लिंबूही तेच काम करतं, आणि कॉर्नफ्लोअर तूप सुटू देत नाही. म्हणून चीज किसून कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचं, वाइन मंद गॅसवर नुसती वाफाळेपर्यंत तापवायची आणि मग मूठमूठ चीज टाकत इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ढवळत राहायचं, पहिली मूठ विरघळल्याशिवाय दुसरी नाही. उकळू द्यायचं नाही म्हणजे नाही. हे जमलं की भांडं टेबलावर न्यायचं, आणि तिथे ती जेलची आच मस्त पुरते, तासभर.

चीज कुठलं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्गकडे ग्रुयेर आणि वाशेरँ अर्धं अर्धं घेतात, न्यूशातेलवाले ग्रुयेरबरोबर एमेंटाल घालतात. मडगावच्या एका दुकानात ग्रुयेर मिळालं, एकदाच आणलं, तिथली किंमत बघून दुसऱ्यांदा हात मागे घेतला. चव अर्थातच वेगळी आहे, शेंगदाण्यासारखी एक खरपूस चव मागे राहते, खोटं कशाला बोलू. पण एक लक्षात ठेवा, त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे घरात कोणी शाकाहारी असेल तर आधी सांगा. आमच्याकडे आईचा सोमवार असतो आणि श्रावण तर आलाच, तेव्हा ते आपोआप बाद झालं.

आता माझं ठरलेलं माप सांगतो, सहा जणांना जेवणाआधी तोंडात टाकायला पुरतं. 400 ग्रॅम अमूलचं गौडा, 200 ग्रॅम साधं प्रोसेस्ड चीज, पाव लिटर ड्राय व्हाइट वाइन, तीन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा लिंबाचा रस, भांड्याला आतून चोळायला एक लसूण पाकळी, थोडं जायफळ आणि मिरी. प्रोसेस्ड चीज ऐकून नाकं मुरडणारे आहेत, आमच्या ग्रुपमध्येही एक आहे, पण त्याच्यात कंपनीनेच विरघळवणारे क्षार घातलेले असतात त्यामुळे ते सगळ्या मिश्रणाला सांभाळून घेतं. नवशिक्यांनी तर घालावंच. फक्त मीठ वरून घालू नका, ते आधीच पुरेसं खारट असतं.

वाइनच्या बाबतीत आपल्या गोव्यात एक मोठा खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. घरात पोर्ट वाइनची बाटली असतेच, कोणीतरी आणून दिलेली असते. दुसऱ्या वेळेला व्हाइट मिळाली नाही म्हणून मी ती घातली. पोर्ट गोड असते आणि लाल असते हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, पण चीजमध्ये काय कळणार असं वाटलं. कळतं. भांडं गुलाबी झालं, जेलुसिलसारखं, आणि चवीला खारट बासुंदी. पोरांनी पाव नुसताच खाल्ला.

त्यानंतर एप्रिलमध्ये अजून एक शहाणपणा केला. हुर्राकचे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूचे, दिवस होते, एका मित्राच्या भाटातून (बागेतून) दोन बाटल्या आल्या होत्या, म्हटलं वाइनऐवजी हुर्राक घालून बघू, काजूचा वास किती छान येईल. वास आला हो, पण चीज परत गोळा व्हायला लागलं. मग डोक्यात प्रकाश पडला की हुर्राक म्हणजे भट्टीतून निघालेली पहिली धार, ऊर्ध्वपातनात वाइनसारखा आंबटपणा वर येतच नाही, तो भांड्यातच राहतो. शेवटी अख्ख्या लिंबाचा रस घालून कसंबसं सावरलं. तेव्हा हुर्राक लिम्का घालून ग्लासात प्या, भांड्यात वाइनच.

फेणी मात्र चालते, आणि नुसती चालत नाही तर माझ्या मते या सगळ्या प्रकारात गोव्याने स्विस लोकांना दिलेलं हे उत्तर आहे. ते लोक शेवटी किर्श घालतात, चेरीची दारू. आपली काजूची फेणीही फळाचीच. एक मोठा चमचा, त्याच्यावर अजिबात नाही, अगदी शेवटी घालून एकदा ढवळायचं. दोन चमचे घातले की उग्र होते आणि मग फक्त फेणीच लागते. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना नाव न सांगता खायला द्या आणि ओळखायला लावा, आतापर्यंत एकालाच आलंय.

पाव हा पुढचा विषय, आणि त्यावर मी पानभर लिहू शकतो. सगळ्यांना वाटतं गोवा म्हणजे पोई, तो कोंड्याचा चपटा पाव, तर पोई घ्या. नको. पोई आतून पोकळ असते, तुकडा केला की दोन पातळ पापुद्रे हातात येतात, काटा आरपार जातो आणि तुकडा आत बुडतो. साधा पाव जास्त मऊ, तोही सुटतो. कांकण, म्हणजे बांगडीसारखा पाव, इतकं कडक की काटा शिरत नाही. उंडो घ्या, तो कडक सालीचा गोल पाव. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो तेव्हा उंडे घ्यायचे, रात्रभर तसेच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी असे कापायचे की प्रत्येक तुकड्याला एका बाजूला कडक साल राहील. काटा मऊ बाजूने घालून सालीत रुतवायचा. ती साल म्हणजे खिळा आहे, तिच्याशिवाय तुकडा टिकत नाही. आमच्या पोदेराने एकदा विचारलं, "इतले उंडे शिळे करून कितें करतात?" मी सांगितलं, त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

पावाशिवाय आम्ही उकडलेले बटाटे, फ्लॉवर, आणि नीरफणसाच्या तव्यावर भाजलेल्या फोडी बुडवतो. नीरफणस फार भारी लागतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला चोरिस (गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज) भाजून त्याचे तुकडे पण केले होते, चवीला एक नंबर, पण त्याची लाल चरबी चीजमध्ये उतरते आणि दहा मिनिटांनी सगळं भांडं केशरी होतं, त्यामुळे चोरिस शेवटी काढा.

उष्ट्याचा प्रश्न. सहा माणसं एकाच भांड्यात काटे बुडवणार आणि तेच काटे तोंडात घालणार, हे बघून आईने पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हटलं, "तुमचं चालू द्या, मला वाटीत काढून दे." तिचं चुकीचं नाही. आता नियम असा आहे की भांड्यातल्या काट्याने तुकडा आपल्या ताटलीत उतरवायचा आणि साध्या काट्याने खायचा. खरं तर तो लांब काटा तापलेला असतो, ओठ भाजतो, त्यामुळे नियम पाळणं सोपं जातं. तरी आई अजून वाटीतच घेते. ज्याचा तुकडा भांड्यात पडेल त्याने भांडी घासायची, हा दुसरा नियम.

एक मित्र दरवेळी सांगतो की हे आल्प्समधल्या गुराख्यांचं हजारो वर्षांचं जेवण आहे. तसं नाहीये. वाइनमध्ये चीज शिजवायची कृती 1699 सालच्या झुरिकच्या एका पाककृतींच्या पुस्तकात आहे, आणि ‘राष्ट्रीय पदार्थ’ वगैरे त्याला 1930 च्या दशकात स्विस चीज युनियनने केलं, चीज खपावं म्हणून. मला यात वाईट काही वाटत नाही. मित्राला वाटतं.

शेवटी तळाशी जो खरपूस पापुद्रा राहतो त्याला फ्रेंचमध्ये रलिज्यूज म्हणतात, म्हणजे नन. आमच्याकडे त्याला सरळ खरवड म्हणतात, आणि दुधाच्या पातेल्याच्या खरवडीवरून लहानपणी जशी भांडणं व्हायची तशीच आता चाळिशीतली माणसं करतात. इथे बिडाच्या भांड्याला पैकीच्या पैकी मार्क. आच बारीक करून दोन मिनिटं ठेवलं की लाकडी उलथन्याने अख्खी चकती सुटून येते.

आता तक्रारी. काट्यांच्या टोकाला सहा रंग होते, कोणाचा काटा कुठला ते कळायला, त्यातले चार रंग तिसऱ्या धुण्यात गेले. बायकोने नेलपॉलिश लावून दिलंय, ते जास्त टिकलंय. भांड्याच्या काठावर मार्चमध्ये इनॅमलचा छोटा टवका उडाला, विक्रेत्याला फोटो पाठवला, दोन मेल केले, उत्तर नाही. जूनचा पाऊस सुरू झाल्यावर तिथे गंज दिसायला लागला, आता प्रत्येक वेळी पुसून खोबरेल लावून ठेवतो. लाकडी पाटाला तर आठवड्यात हिरवी बुरशी आली. ज्याने हा सेट डिझाइन केला तो माणूस गोव्यातल्या जुलैत कधी राहिलेला नाही हे नक्की. जेलच्या झाकणाची फिरकी पण दमट हवेने अडकते, पक्कडीने फिरवावी लागते.

जेलबद्दल गंभीरपणे सांगतो. पंखा बंद ठेवा, ज्योत एका बाजूला झुकते आणि भांड्याचा एकच कोपरा जळतो. मे महिन्यात पंखा बंद करून वितळलेलं चीज खाणं म्हणजे काय ते कल्पना करा, आम्ही एकदा केलं, परत नाही. हा प्रकार डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मग थेट पावसाळ्यात. आणि जेल संपलं तर वाटी पूर्ण थंड झाल्याशिवाय परत भरू नका. ज्योत फिकी असते, उजेडात दिसतच नाही, विझलीय असं वाटतं. माझ्या हाताचे केस गेले तेवढ्यावर निभावलं.

पोटात चीजचा दगड होतो म्हणून गार पाणी पिऊ नका, वाइन किंवा गरम चहा प्या असं सगळे सांगतात. 2010 मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी वीस जणांवर हे करून बघितलं, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं, तर वाइनबरोबर पोट उलट उशिरा रिकामं झालं आणि चहाबरोबर लवकर. ते वाचल्यापासून आमच्याकडे कोरा चहा. सोलकढी एकाने करून आणली होती, चांगली होती, पण चीजबरोबर नाही हो जमत.

मागच्या शनिवारी आठ वाजता लाइट गेली. चीज नुकतंच टेबलावर आलं होतं, बाहेर धो धो पाऊस, घरात उजेड म्हणजे भांड्याखालची ती निळी ज्योत आणि एकाच्या मोबाइलचा टॉर्च. कोणाचा तुकडा पडला ते दिसत नव्हतं त्यामुळे भांडी कोणी घासायची यावर वाद झाला. साडेनऊला लाइट आली तेव्हा बघितलं तर भांड्यात पाच तुकडे होते. पाचही जण म्हणाले माझा नाही, आणि आई आतून म्हणाली, "म्हणून मी वाटीत घेते."

भांडी मी घासली. पाच पैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा खरवडीचा. पाट सध्या फ्रिजच्या मागे वाळत ठेवलाय.