अपडॉग, सात महिन्यांनंतर: एका रकान्याने वाचवलेले पैसे

चवथीच्या आधी प्रयोगशाळेचा निरोप आला, "तुमची रोपं मिसळली आहेत, नमुने पुन्हा पाठवा." पुन्हा पाठवायचे म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. रताळ्याच्या, आमच्या कणगांच्या, एकाच आईबापाच्या संकरातल्या त्या 84 रोपांना लेबलं मी स्वतः लावली होती, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या चिखलात बसून. ती मिसळलेली नाहीत हे मला ठाऊक होतं. पटवून देता येत नव्हतं.

तोवर अपडॉगवर, म्हणजे डीएनएच्या वाचनांवरून रोपात जनुकाच्या एखाद्या रूपाच्या किती प्रती आहेत ते ठरवणाऱ्या आर भाषेतल्या पॅकेजवर, माझा रागच होता. त्यातलं मल्टिडॉग हे फंक्शन सगळे मार्कर (डीएनएवरच्या तपासायच्या जागा) संपल्यावरच निकाल हाती देतं. पावसात दोन रात्री वीज गेली आणि दोन्ही वेळा काम पहिल्यापासून. पॅकेज फुकट असलं तरी झालेलं काम साठवण्याची सोय हवीच. आता मी पाचशे-पाचशे मार्करचे तुकडे चालवतो.

पण अपडॉगचा 'बायस'चा, म्हणजे मोजणीतल्या कलाचा, रकाना मी आधीच नीट वाचायला हवा होता. वादाच्या मार्करवर आईचे 67 टक्के रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) एका अ‍ॅलीलचे (जनुकाच्या एका रूपाचे) होते, बापाचे शून्य. रताळं षट्गुणित, म्हणजे प्रत्येक गुणसूत्र सहा प्रतींत, तेव्हा आईत सहापैकी चार प्रती, असं कोणीही म्हणेल. चार असतील तर प्रत्येक पिलाला निदान एक मिळतेच, कारण युग्मकात (बीजपेशीत) तीन प्रती जातात आणि त्या अ‍ॅलीलच्या नसलेल्या दोनच उरतात. माझ्या चार रोपांत मात्र एकही नव्हती. मिसळीचा संशय त्यावरूनच.

अपडॉगने तिथे बायस 0.5 च्या आसपास दाखवला. म्हणजे त्या अ‍ॅलीलचे रीड दुसऱ्याच्या दुपटीने हाती येत होते, आणि आईच्या खऱ्या तीन प्रती चार भासत होत्या. तीन प्रतींच्या आईची पिलं 1:9:9:1 अशी पडतात, विसात एक शून्याचं. 84 मध्ये चार, अगदी हिशेबात! तो तक्ता पाठवला. नमुने पुन्हा मागितले गेले नाहीत.

रीडच कमी असतील तर मात्र या रकान्यावर विसंबू नका. दहा रीडांत दोन प्रती की तीन, हे कोणतंही पॅकेज खात्रीने सांगणार नाही. चौगुणित बटाट्यालाच 60 ते 80 रीड लागतात. डेव्हिड जेरार्ड आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या शोधनिबंधात रताळ्याचीच माहिती तपासली आहे, म्हणून मी हे पॅकेज घेतलं होतं. संकराच्या पिलांसाठी मी सुरुवातीला 'नॉर्म' हे सर्वसाधारण मॉडेलच ठेवलं, ती चूक. 'एफ1' हे दोन पालकांच्या संकराचं मॉडेल लावल्यावर डोस (प्रतींचे आकडे) जास्त ठाम येतात. वाचलेल्या पैशांत काणकोणच्या दोन जाती घेतल्यात, त्यांची पानं परवाच सुकवायला ठेवली.