डेन्व्हरचा ९ नंबर, फुकटच्या अँटेनावर: चार वर्षं बघून लिहितेय

डेन्व्हरला नवीन आलेली मराठी मंडळी भेटली की पहिल्या महिन्यातच विचारतात, टीव्हीला केबल घ्यायची का, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, नका घेऊ, चाळीसेक डॉलरचा अँटेना आणा आणि ९ नंबरचा चॅनल लावा. उत्तर अजूनही तेच आहे. पण आता त्याला एक मोठं शेपूट जोडावं लागतंय, कारण ९ ची मालक कंपनी आणि इथल्या दुसऱ्या दोन चॅनलची मालक कंपनी एकत्र करायचं ठरलं, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आधी अँटेनाचं सांगते, कारण तिथेच लोक चुकतात. इथले टीव्हीचे टॉवर गोल्डनजवळच्या लुकआउट माउंटनवर आहेत, म्हणजे शहराच्या पश्चिमेला, तर अँटेना पश्चिमेच्या खिडकीत लावायचा, पूर्वेकडच्या बेडरूममध्ये ठेवून काही येत नाही म्हणून परत नेऊन देऊ नका. दुसरं म्हणजे दुकानात तो कागदासारखा चपटा अँटेना पुढेच मांडलेला असतो, भिंतीला चिकटतो, दिसायला छान, पण ७ आणि ९ हे दोन चॅनल अजून जुन्या व्हीएचएफ पट्ट्यात आहेत आणि चपट्याला ते नीट धरता येत नाहीत. माझ्याकडे चित्राचे चौकोन चौकोन होऊन अडकायचं. दोन दांड्या ओढून लांब करता येतात तसला जुन्या पद्धतीचा घ्या, दांड्या आडव्या पसरा, मग टीव्हीत चॅनल स्कॅन करा. ४ सीबीएस, ७ एबीसी, ९ एनबीसी, ३१ फॉक्स, शिवाय २ आणि २०, हे सगळं स्वच्छ एचडी आणि महिन्याला शून्य डॉलर.

त्याआधी दीड वर्ष माझ्याकडे केबल होती, कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. बिलात लोकल चॅनलसाठीची फी म्हणून वेगळी ओळ यायची आणि ती दर वर्षी वाढायची. फोन केला की म्हणायचे आम्ही काय करणार, स्टेशनवालेच जास्त मागतात. तेव्हा राग आला होता, नंतर वाचलं तर त्यात तथ्य होतं. १९९२ च्या केबल कायद्याने इथल्या स्टेशनांना हक्क दिला की आमचा चॅनल दाखवायचा तर आमची परवानगी घ्या आणि तिची किंमत मोजा, आणि साहजिकच ज्याच्या हातात स्टेशनं जास्त त्याची मागणी जास्त जोरात. २०२३ च्या जुलैत नेक्सस्टार ही ढीगभर स्टेशनांची मालक कंपनी आणि डिशवरून चॅनल दाखवणारी डायरेक्टटीव्ही यांचं पैशावरून फिसकटलं तेव्हा देशभरातली दीडशेच्या वर स्टेशनं सप्टेंबरपर्यंत डायरेक्टटीव्हीवरून गायब होती. अँटेनावाल्यांना त्याची झळही लागली नाही. पैशाच्या हिशेबाने म्हणूनच केबलपेक्षा अँटेना सरस, त्यात वाद नाही.

आता ९ नंबर. केयूएसए हे त्याचं सरकारी नाव, सगळे ९ न्यूज म्हणतात. सकाळी मुलीचा डबा भरताना हवामान लावलेलं असतं, आणि इथे हवामान म्हणजे वेळ घालवायचा विषय नाही, सकाळी ऊन आणि दुपारी गारपीट असं गाव आहे हे. मार्च २०२१ मध्ये दोन दिवसांत २७.१ इंच बर्फ पडलं तेव्हा आम्हाला येऊन जेमतेम काही महिने झाले होते, गाडी बाहेर काढायची की नाही हे आम्ही टीव्हीवरच्या त्या नकाशावरून ठरवलं, कारण हवामान सांगणारा माणूस नुसतं 'डेन्व्हरमध्ये बर्फ' म्हणत नव्हता, कुठल्या रस्त्याच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती ते सांगत होता.

संध्याकाळी सहाला काइल क्लार्कचा 'नेक्स्ट' असतो, तो मी शक्यतो चुकवत नाही. अपघात, खून, आग अशी बातम्यांची माळ त्यात नसते. एखादी गोष्ट धरतो आणि सोडत नाही, मग समोर कुठल्याही पक्षाचा माणूस असो. २०२४ मध्ये खासदार लॉरेन बोबर्टसकट रिपब्लिकन उमेदवारांची डिबेट त्याने घेतली होती ती शोधून बघा, उत्तर टाळलं की तोच प्रश्न परत, आवाज न चढवता. शिवाय दर आठवड्याला एखादी स्थानिक संस्था निवडून तो लोकांना पाचच डॉलर द्या म्हणतो आणि पाच पाच डॉलरचे लाखो होतात. आम्हीही देतो. आपलं गाव नसलेल्या गावात आपण राहतो आहोत, भाड्याने नुसते मुक्कामाला नाही, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. जाहिराती फार, त्यातही अपघाताचे वकील दर दहा मिनिटांनी. सकाळी साडेचारपासून तीच बातमी दर अर्ध्या तासाने. आणि दक्षिण आशियाई लोक इतके राहतात इथे, पण आमची आठवण दिवाळीलाच होते. त्याचा एक स्टार कापते.

पण लोकल चॅनल म्हणजे काय हे मला नीट कळलं ते ३० डिसेंबर २०२१ ला. मार्शल फायर, बोल्डरजवळच्या वस्त्यांत घुसलेला वणवा. आम्ही ब्रूमफील्डला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, ताशी शंभर मैलांच्या वर वारा, खिडक्या थरथरत होत्या आणि पश्चिमेचं आभाळ तपकिरी. माझी मैत्रीण सुपीरियरला रॉक क्रीकमध्ये, तिचा फोन लागत नव्हता. मी रिमोट घेऊन ४, ७, ९, ३१ अशी फिरत होते, कारण प्रत्येकाचा माणूस वेगळ्या कोपऱ्यावर उभा होता. कुणी मॅककॅस्लिनवरचा ट्रॅफिक दाखवत होतं, कुणी लुईव्हिलच्या बाजूला, सॅगमोर वस्तीचं नाव आलं तेव्हा पोटात गोळा आला. चार चॅनलचं जोडून मी मनात नकाशा तयार करत होते की आग तिच्या गल्लीपासून किती लांब आहे. तिचं घर राहिलं. त्या एका दिवसात एक हजार चौऱ्याऐंशी घरं जळाली आणि दोन माणसं गेली.

हे सगळं मी आधी एकदा केलेलं होतं म्हणून हात आपोआप चालले. ऑगस्ट २०१९, सांगलीचा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आई-बाबा गावभागातलं घर सोडून विश्रामबागला मावशीकडे आणि मी हजारो मैल लांब. मोठ्या न्यूज चॅनलवर 'सांगली पाण्याखाली' एवढंच, तीच दोन दृश्यं पुन्हा पुन्हा. मला हवं होतं ते गावातल्या केबलवाल्यांच्या बातम्यांत, मोबाइल हातात धरून बोटीतून फिरणारा एक मुलगा सांगत होता मारुती रोडला किती, गावभागात कुठल्या बोळात पायरीपर्यंत आलंय. बाबा अजून त्या मुलाची चौकशी करतात.

आणि म्हणूनच या विलीनीकरणाचं मला लागलंय.

१९ ऑगस्ट २०२५ ला नेक्सस्टारने जाहीर केलं की ते टेग्ना ही कंपनी ६.२ अब्ज डॉलरला घेणार. टेग्ना म्हणजे तेव्हाची आमच्या ९ ची आणि २० ची मालक, २०१५ मध्ये गॅनेट या पेपरवाल्या कंपनीतून वेगळी झालेली. नेक्सस्टारकडे डेन्व्हरमध्ये ३१ आणि २ आधीपासून आहेत. म्हणजे माझ्या रिमोटवरच्या त्या सहापैकी चार बटणं एका मालकाची, आणि देशभर मिळून २६५ स्टेशनं, दर दहातल्या आठ घरांपर्यंत. कायद्यात एका मालकाला देशातल्या ३९ टक्के घरांपर्यंतचीच मर्यादा आहे, ती उठवा असा आग्रह त्यांनी धरला. एका शहरात प्रेक्षकसंख्येत पहिल्या चार क्रमांकांतली दोन स्टेशनं एकाकडे नकोत असाही नियम होता, तो जुलै २०२५ मध्येच एका अपील कोर्टाने रद्द केला होता, त्यामुळे वाट बरीचशी मोकळी.

कुणी म्हणेल मालक बदलला तर तुझं काय जातं, चॅनल तर तोच. हे खरं आहे की नंबर तोच राहतो, लोगो राहतो, कदाचित काइल क्लार्कही राहील. पण कंपनीने डील जाहीर करतानाच सांगितलं की वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलरचा फायदा दोन्ही कंपन्या जोडल्यामुळे होईल. त्यातला काही केबलवाल्यांकडून जास्त मागून येईल, म्हणजे शेवटी केबलच्या बिलातूनच, आणि उरलेला खर्च कापून, आणि टीव्ही स्टेशनला मोठा खर्च कसला असतो, तर माणसांचा. एका गावात दोन न्यूजरूम आणि एक मालक असला की दोन कॅमेरावाले एकाच आगीकडे कशाला पाठवायचे, असा हिशेब कुठलाही मॅनेजर करणारच. मला त्या दुपारी नेमके तेच दोघं हवे होते, वेगवेगळ्या कोपऱ्यांवर.

डेन्व्हरने हे थोडं आधी पाहिलेलं आहे. २ नंबर हे कोलोरॅडोतलं पहिलं टीव्ही स्टेशन, १८ जुलै १९५२ ला केएफईएल नावाने सुरू झालेलं, पुढे शिकागोच्या डब्ल्यूजीएनवाल्यांनी घेतलं म्हणून केडब्ल्यूजीएन झालं. २००८ मध्ये ते ३१ सोबत एका व्यवस्थापनाखाली गेलं, एका इमारतीत आलं, न्यूजरूम एक झाली. आज दोन्हीकडच्या बातम्या लावून बघा, रिपोर्टर तेच, फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा. स्टेशन बंद पडलं असं कुणी म्हणणार नाही, पण माझ्या हिशेबात शहरातली एक स्वतंत्र न्यूजरूम कमी झाली. त्यात २७ फेब्रुवारी २००९ ला रॉकी माउंटन न्यूज हा पेपरही बंद झाला. प्रत्येक वेळी थोडं थोडं.

बाहेरची उदाहरणं तर अजून स्पष्ट आहेत. सिंक्लेअर या नेक्सस्टारसारख्याच दुसऱ्या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये आपल्या डझनावारी स्टेशनांच्या अँकरना एकच मजकूर वाचायला लावला, कुणीतरी ते सगळे व्हिडिओ शेजारी शेजारी जोडले तेव्हा लोकांना कळलं की आपल्या ओळखीचा चेहरा दुसऱ्याचं बोलतोय. सिंक्लेअरने २०१७ मध्ये घेतलेल्या स्टेशनांचा दोन राज्यशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, त्यात वॉशिंग्टनचं राजकारण वाढलेलं आणि गावचं कमी झालेलं दिसलं, प्रेक्षकही थोडे घटले, म्हणजे लोकांनी मागितलं म्हणून बदललं असंही नाही. २०२३ च्या मे महिन्यात टोलेडोच्या स्टेशनवरच्या लोकल बातम्याच काढून टाकल्या आणि देशभराचा एकच कार्यक्रम लावला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅलन मीडियाने आपल्या बऱ्याच स्टेशनांतले हवामानवाले काढून अटलांटातून अंदाज द्यायचं ठरवलं होतं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही ठिकाणी निर्णय मागे घ्यावा लागला. अटलांटात बसलेल्या माणसाला चिनूक म्हणजे डोंगरावरून खाली सुटणाऱ्या वाऱ्याने बोल्डरच्या उतारावर काय होतं हे नकाशात दिसेल, पण तो तिथे कधी उभा राहिलेला नसेल.

एबीसीवर रात्री विनोदी गप्पांचा शो करणाऱ्या जिमी किमेलचं सप्टेंबर २०२५ मधलं प्रकरण सगळ्यांनी ऐकलं असेल. नेक्सस्टार आणि सिंक्लेअरने त्याचा शो दाखवणार नाही म्हटलं, एबीसीने शो थांबवला, २३ तारखेला परत आणला तरी या दोघांच्या स्टेशनांवर अजून तीन दिवस दिसला नाही. डेन्व्हरला तो २३ लाच दिसला, कारण आमचा ७ नंबर स्क्रिप्सचा आहे. किमेल आवडतो की नाही हा वेगळा मुद्दा, मला तो विशेष आवडतही नाही, पण आपल्या गावात काय दिसणार हे मालक कोण यावर किती ठरतं हे त्या आठवड्यात उघड झालं.

आपल्याकडेही हे चाललेलंच आहे. १४ नोव्हेंबर २०२४ ला स्टार आणि व्हायाकॉम एकत्र आले तेव्हा स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच घरात गेले, ७० हजार कोटींच्या वरचा व्यवहार, आणि आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग आता दोघांकडच्या मालिका सारख्याच होणार का गं. तिला जे एका वाक्यात कळलं त्यासाठी मी इतकं लिहिलं. फक्त मालिका सारख्या झाल्या तर चालवून घेता येतं, आगीच्या आणि पुराच्या बातम्या सारख्या झाल्या तर नाही.

विलीनीकरणाच्या बाजूचंही ऐकलंय मी, की गूगल आणि फेसबुकने जाहिराती नेल्या, लहान कंपन्या टिकणार नाहीत, मोठं झालं तरच न्यूजरूम वाचेल. जाहिराती गेल्यात हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण मग वाचवलेला पैसा गावात किती रिपोर्टर ठेवायला वापरणार याचा आकडा कुणी लिहून देत नाही. तो दिला तर मी माझं मत बदलेन.

तर रेटिंग. अँटेनाला पाच पैकी पाच, दांड्यांचा घेतला तर. ९ नंबरला आत्ता चार. ३१ आणि २ ला मिळून तीन, कारण दोन म्हणून मोजता येत नाहीत. घेऊ का विचारणाऱ्यांनी नक्की घ्या, आणि आणल्यावर एक करा, पहिल्या मोठ्या बर्फाच्या दिवशी चारही बातम्या फिरवून बघा, कोण कुठल्या रस्त्यावर उभं आहे ते कागदावर लिहून ठेवा. मी या हिवाळ्यापासून वही केली आहे, पहिल्या पानावर चार चॅनल आणि चार वेगळे रस्ते आहेत.