यूएसबी स्पीकरफोन: सात महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडमधल्या फ्लॅटची १२ बाय १० फुटांची खोली, व्हिट्रिफाइड टाइल्स, सनमायकाचं टेबल, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. त्यात चार माइकचा हा स्पीकरफोन (कॉलसाठी माइक आणि स्पीकर एकाच डबीत) सात महिने, रोज दोन-तीन तास चालला. मशीन चांगलं आहे. सुरुवातीला "आमचाच आवाज परत येतोय" ही कॉलवरच्या समोरच्यांची तक्रार रोजची होती. त्यात मशीनचा दोष निम्माही नव्हता.

समोरच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, तेव्हा गडबड आपल्या खोलीत असते. म्हणून टेबलाशी बसून काही कळत नाही. दुसरा फोन इअरफोन लावून आतल्या खोलीत न्या, दार लावा, त्याच कॉलला जोडा आणि एक ते दहा म्हणा. पहिल्या दोन-तीन सेकंदांतला एको सोडून द्या. मशीनमधला एको काढणारा फिल्टर तेव्हा खोली शिकत असतो. 'दहा'सुद्धा परत आला, तर खरा आजार आहे.

बहुतेक वेळा आजार व्हॉल्यूमचा निघतो. स्पीकरला पाठवलेल्या सिग्नलची प्रत घेऊन माइकमधून वजाबाकी करायची, एवढंच फिल्टरचं काम. छोटा स्पीकर पूर्ण जोरात फाटतो, टेबल थरथरतं, आणि हा फाटका आवाज त्या प्रतीत नसतोच, मग वजा काय होणार? इथे १० पैकी ६ वर सगळं स्वच्छ, ८ वर एको. खाली ५ मिलिमीटर जाडीचा फेल्ट ठेवल्यावर ७ सुद्धा चालतं. फेल्ट पुण्यात बोहरी आळीत मिळतो. ऐकू कमी येत असेल तर व्हॉल्यूम वाढवण्याआधी मशीन जवळ ओढा: अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, दोन्ही बाजूंना.

मग खोली. घनफळ सुमारे ३२ घनमीटर. सगळं टणक असताना ध्वनिशोषण ५ चौरस मीटर (म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीइतकं) धरलं तर घुमणं ६० डेसिबल उतरायला साधारण १ सेकंद लागतो. फिल्टरची लांबी २०० मिलिसेकंद, म्हणजे तेवढ्या उशिरापर्यंतचाच एको तो वजा करू शकतो. तेवढ्या वेळात घुमणं १२ डेसिबलच उतरतं, उरलेलं शेपूट फिल्टरच्या हाताबाहेर. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट यांनी शोषण दुप्पट झालं की हाच उतार २४ डेसिबल होतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, शोभा जाते आणि उपयोग नगण्य.

आवाज टीव्हीवर सोडायचा मोह आवरा. माइक स्पीकरफोनचा, आवाज टीव्हीचा, म्हणजे मशीनकडे प्रतच नाही. कॉलच्या ॲपचं कॅन्सलेशन (एको काढायची सोय) ते ओझं एकटं ओढतं. पण दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) दर सेकंदाला एक नमुना सरकतो आणि जुळवलेलं विस्कटत जातं. सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर दोन्ही याच मशीनचे निवडा. एकाच खोलीत दुसरा लॅपटॉप कॉलवर असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद.

खरी खोट एकच: दोघं एकदम बोलले की शब्द कापले जातात. तेव्हा फिल्टर शिकणं थांबवतो आणि उरलेला एको दाबायच्या नादात माणसाचाही आवाज दाबतो. ऑफिसच्या कॉलला चालून जातं. सोसायटीच्या सभेला घेऊ नका, तिथे एका वेळी एकच बोलतोय असं कधी होत नाही.