वॉयंट टूल्स: नववीच्या वर्गात ‘श्यामची आई’ मोजताना

गणिताच्या बाईने कादंबरीत नाक खुपसावं का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. माझं म्हणणं साधं आहे. सांख्यिकीच्या प्रकरणातले आकडे पोरांना परके वाटतात: कुणाचं तरी सोयाबीन, कुणाचे तरी गुण. म्हणून मराठीच्या बाईंना सोबत घेतलं आणि ‘श्यामची आई’ वॉयंटमध्ये चढवली. साने गुरुजींचं लेखन कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे अख्खा मजकूर वापरता येतो.

वॉयंट ही स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल यांनी बनवलेली मोफत वेबसाइट. लॉगिन लागत नाही. मजकूर पेस्ट केला की एकूण शब्द, वेगवेगळे शब्द, वाक्यामागे सरासरी शब्द, आलेख, सगळं एका पडद्यावर येतं. रंगीत शब्दढगावर (जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा) पोरं खूश. मी नाही, एक शब्द दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो, पण कितीने ते कळत नाही. वगळायच्या शब्दांची यादी मात्र बदलता येते, ती मुलांकडूनच करून घेतली. ‘आणि’ बिनविरोध गेला. ‘मी’वर जुंपली, कारण गोष्ट श्यामच सांगतोय.

खरी गंमत पुढे. वॉयंटला विभक्ती कळत नाही. आई, आईने, आईला, आईजवळ हे त्याच्या लेखी चार शब्द. ‘आई*’ असं चांदणी लावून शोधलं की एकत्र येतात. पण ‘वडील*’ घातलं तर ‘वडिलांनी’ निसटतो, तिथे वेलांटी बदलते. ‘घर*’मध्ये ‘घराणे’ही शिरतं. पाठ्यपुस्तकात वारंवारता सारणी आयती मिळते. इथे कशाला एक धरायचं हे आधी आपापसांत ठरवावं लागलं. व्याकरणाच्या तासाला पेंगणारी मागच्या बाकावरची मंडळी सामान्यरूपावरून हमरीतुमरीवर आली.

एकच सल्ला: पुस्तक एका फाइलीत टाकू नका. तसं केलं तर आलेख मजकुराचे १० समान तुकडे पाडतो. हे पुस्तक ४२ रात्रींचं. प्रत्येक रात्रीची वेगळी फाइल करा, नावं ०१, ०२ अशी द्या. रात्री लहानमोठ्या असल्याने नुसती संख्या फसवते, सापेक्ष वारंवारताच (त्या रात्रीच्या एकूण शब्दांच्या प्रमाणात किती वेळा) बघावी लागते, आणि ती का, हे मग फळ्यावर समजावत बसावं लागत नाही. ‘कर्ज*’ची रेषा उत्तरार्धात कुठे उसळते हे पाहून मुलांनी आपणहून ती रात्र उघडली. शब्दावर टिचकी मारली की आजूबाजूचा मजकूर दिसतो. मराठीच्या बाई तेवढ्यावर सोडत नाहीत, पूर्ण पान वाचायला लावतात. बरोबरच आहे त्यांचं.

माझी तक्रार: वाक्यलांबीची सरासरी मिळते, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) आणि बहुलक (सर्वाधिक वेळा येणारी) मिळत नाहीत. शेवटी प्रत्येक गटाला एकेक पान देऊन वाक्यं हाताने मोजायला लावली. आखूड वाक्यांच्या गर्दीत दोन-चार लांबलचक वाक्यं आली की सरासरी मध्यकाच्या वर सरकते, हे मुलांना त्या पानावरच दिसलं.

मोबाइलवर वापरू नका, चौकटी फार कोंबल्यासारख्या होतात. नेट रडतखडत चालत असेल तर संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्ती आहे.

५ पैकी ४. एक गुण मध्यकासाठी कापला. दहावीला तुलनेसाठी दुसरं कोणतं पुस्तक घ्यायचं, यावर आमच्या दोघींचं अजून जमलेलं नाही.