बाखची ओळख करून देणारा श्रवणवर्ग: एक अभिप्राय

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका खासगी संगीतवर्गात रविवारी सकाळी भरलेला पाश्चात्त्य संगीताचा श्रवणवर्ग योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकारावर होता. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी राजाश्रय दिला त्या या शहरातील श्रोत्याला, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वतंत्र सुरावटी ऐकण्याची सवय नसते, हे ओळखून शिक्षकांनी चरित्रापेक्षा फ्यूगच्या (एकच स्वरवाक्य अनेक आवाज पाठोपाठ उचलतात अशा संगीतप्रकाराच्या) रचनेला अधिक वेळ दिला, हे मला फार योग्य वाटले. आधी एका आवाजातील मूळ स्वरवाक्य, मग पहिला आवाज पुढे चालू असतानाच तेच वाक्य पंचमावरून उचलणारा दुसरा, आणि त्यानंतर तिसरा, अशी उकल पेटीवर करून दाखवल्यामुळे, १७२२ च्या संग्रहात बाखने बाराही स्वरांना षड्ज मानून, मेजर व मायनर हे दोन्ही पाश्चात्त्य स्वरमेळ धरून, प्रिल्यूड (आधी वाजणारी प्रास्ताविक रचना) आणि फ्यूगच्या २४ जोड्या कशा बांधल्या, हे नवख्यालाही उमगले.

१६८५ मध्ये आयझेनाख येथे जन्म, १७२३ पासून १७५० मधील मृत्यूपर्यंत लाइपझिगमधील नोकरी, एवढ्यावर चरित्र आटोपले. मात्र १८२९ मध्ये संगीतकार मेंडेलसोनने बर्लिनला बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही येशूच्या यातनांवरील गायन-वाद्यरचना सादर केल्यावर बाखविषयीचे कुतूहल नव्याने कसे जागे झाले, हा भाग घाईत उरकला गेला, आणि खरे तर पुढच्या संगीतकारांवरील त्याचा प्रभाव तेथूनच समजावता आला असता.

ध्वनिव्यवस्था सुमार होती. ऑर्गनचा खर्ज त्या छोट्या स्पीकरांना पेलवत नव्हता. शुल्क माफक असल्याने, गाणे शिकणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा, पण पुढच्या रांगेत बसावे.